स्थावर आणि जंगम

साशंक: फ्लॉरेन्समधल्या पलाझ्झो दावान्झातीपासून सुरुवात करते, कारण माझी जवळजवळ सगळी शंका त्या एका घरात सापडते. चौदाव्या शतकाच्या मध्यावर दाविझ्झी नावाच्या श्रीमंत घराण्यानं ते बांधलं. 1578 मध्ये ते दावान्झातींकडे आलं, आणि एकोणिसाव्या शतकात त्यांचा वंश संपल्यावर तिथे वेगवेगळी बिऱ्हाडं राहू लागली. 1904 मध्ये एलिया व्होल्पी या जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्यानं ते विकत घेतलं, डागडुजी केली, भिंतींवरची चित्रं उजळून घेतली, कुठकुठून मिळवलेल्या पेट्या, पलंग, टेबलं आणून मांडली आणि 1910 मध्ये जुन्या फ्लॉरेन्सच्या घराचा नमुना म्हणून ते लोकांना खुलं केलं. लोक हरखले. सहा वर्षांनी, 1916 मध्ये, तिथल्या सामानाचा न्यूयॉर्कमध्ये लिलाव झाला. पुढे 1951 मध्ये सरकारनं घर घेतलं, 1956 मध्ये संग्रहालय उघडलं आणि पुन्हा दुसरीकडून आणलेल्या जुन्या वस्तूंनी खोल्या भरल्या. आज तिथे जाणारा माणूस म्हणतो, मध्ययुगातलं घर पाहिलं. मी विचारते, कुणाचं घर पाहिलं? दाविझ्झींची एक खुर्ची तरी तिथे आहे का? जुनं इटालियन घर नीट करून जुन्या वस्तूंनी सजवलं असं कुणी सांगितलं की मला त्या न्यूयॉर्कच्या लिलावाची आठवण होते.

रसिक: व्होल्पीनं काय नेलं ते तुम्ही सांगितलंत, मागे काय राहिलं तेही बघू या. 1885 नंतरच्या दहाएक वर्षांत फ्लॉरेन्समध्ये जुना बाजार, त्याच्या भोवतीच्या गल्ल्या, मनोरे, चर्चं असं सगळं पाडून आजचा रिपब्लिक चौक मोकळा केला. दावान्झाती तिथून चालत काही मिनिटांवर आहे. तो काळ जुन्या घरांवर मेहेरबान नव्हता. अशा वेळी त्या घरावर कुणाचा तरी जीव जडला, भले त्यात त्याचा धंदा असेल, पण घर उभं राहिलं. घराच्या पोटातून वर चढत गेलेली विहीर, जिचं पाणी प्रत्येक मजल्यावर ओढून घेता येई. खालच्या दालनाच्या छतातली भोकं, ज्यांतून दारात घुसलेल्यांवर मारा करता येई. पोपटांची खोली, जिच्या भिंतींवर किनारीचं कापड टांगल्याचा भास रंगांनी उभा केलाय: यातलं काही न्यूयॉर्कला जाऊ शकलं नाही. आपल्याकडे मृत्युपत्र लिहिताना ‘स्थावर आणि जंगम’ असे दोन भाग पडतात. इटालियन भाषेतही घराला ‘इम्मोबिले’ म्हणतात, न हलणारं. आणि फर्निचरला ‘मोबिली’, हलणारं. पंधराव्या शतकात नवरीच्या कपड्यालत्त्यानं भरलेल्या ‘कास्सोने’ नावाच्या रंगवलेल्या पेट्या वाजतगाजत सासरी जात. वस्तू येणं, जाणं, वाटणीत फुटणं, गहाण पडणं हे त्या घरांना नवीन नव्हतं. मग बाहेरून आणलेली पेटी तिथे ठेवली म्हणून ते खोटं कसं? रिकामी खोली तर जास्त खोटी, कारण ती कधीच रिकामी नव्हती.

साशंक: रिकामी नव्हती, पण भरलेलीही नव्हती. त्या काळच्या बऱ्या घरातली निजायची खोली डोळ्यांपुढे आणा. मोठा पलंग, त्याच्याभोवती बसायलाही चालतील अशा पेट्या, एखादं बाक, गरज पडली की मांडायचं आणि जेवण झालं की उचलायचं टेबल, थंडीत भिंतीवर टांगायचं कापड. संपलं. आज सजवलेल्या घरात तेवढ्याच खोलीत चार कपाटं, दोन ‘क्रेदेन्झा’ म्हणजे भिंतीलगतची ठेंगणी कपाटं, सहा सिंहपायी खुर्च्या आणि कोपऱ्यात एक लाकडी देवदूत असतो. हे घर नाही, ही गोदामाची गर्दी. दुसरं, ही सगळी गर्दी येते कुठून? एकोणिसाव्या शतकात परदेशी गिऱ्हाइकं इटलीत आली, त्यांना ‘रेनेसान्स’ हवा होता, आणि टस्कनीतल्या कारखान्यांनी तो मनापासून पुरवला. जुन्या तुळया चिरून नव्या पेट्या केल्या. हे ओळखायची एक खूण आहे. लाकडात किडा वाढतो तो आतल्या आत वाकडीतिकडी भुयारं काढत. बाहेर दिसतं ते फक्त त्याचं निघून जायचं दार, टाचणीच्या डोक्याएवढं गोल भोक. पेटीच्या तोंडावर जर अर्धवट उघडी पडलेली लांब पन्हळ दिसली, तर समजायचं की किडा आधी जेवून गेला आणि करवत नंतर फिरली. लाकूड जुनं, पेटी नवी. अशा किती पेट्या आज दिवाणखान्यांत चारशे वर्षांचं वय सांगत बसल्यात!

रसिक: ती पन्हळ मी बोट फिरवून पाहिलीय, आरेझ्झोला. तिथे दर महिन्याचा पहिला रविवार आणि आदला शनिवार जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. इव्हान ब्रुस्की यांनी तो 1968 मध्ये सुरू केला. उतरत्या चौकात आणि आजूबाजूच्या गल्ल्यांत दगडी फरसावर कपाटं उभी असतात. एका म्हाताऱ्या विक्रेत्यानं मला न विचारता पेटी उलटी केली, तळाची फळी दाखवली, आणि म्हणाला, झाकण जुनं, अंग माझ्या आजोबांच्या वयाचं, कुलूप परवाचं. किंमतही त्याप्रमाणे सांगितली. त्या पेटीवर माझा राग उरला नाही. 1880 मध्ये केलेली ‘रेनेसान्स’ पेटी आज स्वतःच शंभर-सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. तिचं वय खोटं नाही, फक्त कुणी तिच्या वतीनं खोटं बोलू नये. मिलानमधलं बागाती व्हाल्सेक्की बंधूंचं घर घ्या. फाउस्तो आणि जुझेप्पे, दोघं भाऊ. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत त्यांनी आपलं राहतं घर पंधराव्या-सोळाव्या शतकाच्या धाटणीचं केलं. अस्सल जुन्या वस्तू जमवल्या, जिथे कमी पडलं तिथे कारागिरांकडून तशाच करून घेतल्या. न्हाणीघरात नळाचं पाणी हवं होतं, तर जुन्या संगमरवरी कोनाड्यात तो नळ दडवला. दोघं भाऊ तिथे राहिले, पुढची पिढी त्याच वस्तूंमध्ये वाढली. 1994 पासून ते संग्रहालय आहे. आज कुणी त्याला सोळाव्या शतकाचं घर समजत नाही. भूतकाळावर जीव टाकणाऱ्या दोन भावांचं 1880 च्या काळातलं घर म्हणून ते शंभर टक्के खरं आहे.

साशंक: भावांचं मान्य. ते स्वतःच्या वर्गाचा, स्वतःच्या शहराचा भूतकाळ पांघरत होते. माझा जड प्रश्न दुसरीकडे आहे. आज ‘ऐतिहासिक इटालियन घर’ म्हणून जे घेतलं जातं, त्यांतली कितीतरी टस्कनी-उंब्रियामधली शेतघरं आहेत. ती कुणाची होती? तिथे ‘मेझ्झाद्रिया’ चालायची, आपण जिला अर्धेली म्हणतो. जमीन आणि घर मालकाचं, राबणूक कुटुंबाची, पीक निम्मं-निम्मं. खाली बैल, वर माणसं. बैलांची ऊब वरच्या फळ्यांतून यावी म्हणून. मधोमध मोठी चूल. दुसऱ्या महायुद्धानंतर ही कुटुंबं कारखान्यांकडे गेली. 1964 च्या कायद्यानं अर्धेलीचे नवे करारच बंद केले. घरं ओस पडली, आणि मग परदेशातले, मिलानचे, रोमचे लोक आले. त्यांनी गोठ्याचा दिवाणखाना केला, गव्हाणीत फुलं ठेवली, आणि तिथे कुठल्या तरी सरदारघराण्याचं नक्षीचं कपाट आणून उभं केलं. त्या कपाटासारखं कपाट त्या कुटुंबानं फक्त मालकाकडे हिशेबाला गेल्यावर पाहिलं असेल. हे जतन आहे का? ज्यांच्या घामानं ते घर उभं राहिलं त्यांची आठवण पुसून तिथे मालकाची आठवण बसवणं, हे मला जतन वाटत नाही.

रसिक: हे मला लागलं, आणि त्याला माझ्याकडे पुरं उत्तर नाही. एक सांगतो. अशाच एका घरात ‘माद्या’ पाहिली. झाकणाची उंच पायांची पेटी, तिच्यात पावाचं पीठ मळायचं आणि फुगायला झाकून ठेवायचं. बाहेरून अगदी साधी, नक्षी नाही. झाकण उचललं तर आतली फळी मधोमध खोलगट झालेली, तळहातानं घासून घासून काचेसारखी गुळगुळीत. आणि कडेकडेनं उलथन्यानं खरवडल्याच्या आडव्या रेघा, शेकडो. रेघा एकाच बाजूला जास्त होत्या. म्हणजे मळणारी बाई नेहमी एकाच बाजूला उभी राहत असणार, बहुधा चुलीकडे पाठ करून. त्या पेटीपुढे मला सरदाराचं कपाट आठवलंही नाही. तुमचं म्हणणं असं असेल की शेतघरात शेतघराच्या वस्तू हव्यात, तर मी तुमच्या बाजूचा. पण वस्तू आणण्याच्या आधी एक पायरी असते. छताचं एक कौल सरकतं, पाणी तुळईच्या त्या टोकाशी मुरतं जे भिंतीत रुतलेलं असतं. चेस्टनटचं लाकूड मधे दगडासारखं टणक राहतं आणि टोकाशी भुसा होतो. काही पावसाळ्यांत तुळई बसते, तिच्यामागे कड्या आणि त्यांवर अंथरलेल्या विटा. ते छत म्हणजे आपला कडीपाटच, फक्त पाटाच्या जागी भाजक्या मातीच्या चपट्या विटा. 2019 मध्ये सिसिलीतल्या साम्बुका गावानं ओस घरं 1 युरोपासून लिलावाला काढली, अट अशी की ठरलेल्या मुदतीत दुरुस्त करा. गावावर ती वेळ का आली? कारण त्या घरांत राहणारं कुणी उरलं नव्हतं. जो येऊन छत घालतो, त्याच्या कपाटाची निवड चुकली तरी छत राहतं.

साशंक: छत राहतं, पण कोणतं छत? विसाव्या शतकात भूकंपाच्या भीतीनं दगडगोट्यांच्या जुन्या भिंतींवर काँक्रीटचे पट्टे आणि काँक्रीटची छतं चढवली गेली. 1997 मध्ये उंब्रियात धरणी हलली तेव्हा दिसलं की वरचा जड, ताठ भाग एकसंध हलला आणि खालची मऊ भिंत फुटली. जुन्या गवंड्यांनी भिंतीतून आरपार लोखंडी कांब घालून बाहेरून खीळ मारली होती. ती बेढब दिसते म्हणून कित्येक ठिकाणी काढून टाकली गेली. दुसरं, सिमेंटचा गिलावा. जमिनीतून चढणारी ओल चुन्यातून बाहेर पडते, सिमेंटमागे अडकते. मग क्षार फुलतात आणि दगडाचंच पीठ होतं. आणि तिसरं, ज्याला सगळे भुलतात, ती उघड्या दगडाची भिंत. या शेतघरांतल्या खोल्यांना आतून चुन्याचा हात असे. दगड उघडा ठेवणं ही गरिबी होती. खरवडून दगड दाखवणं ही आजच्या राहणाऱ्याची हौस, आणि त्या खरवडीत पिढ्यान्‌पिढ्यांच्या चुन्याचे थर, त्यांतले निळे-गुलाबी रंग, पोरांची उंची मोजलेल्या खुणा, सगळं गेलं. जुन्या घराला जसं दुर्लक्ष मारतं, तसं प्रेमही मारतं.

रसिक: म्हणून तर प्रेमाला शिक्षण हवं, आणि ते शिक्षण कामावरच मिळतं. इटलीत ‘कोच्चोपेस्तो’ म्हणतात, म्हणजे भाजलेल्या विटांचा भुगा आणि चुना. रोमन लोकांनी पाण्याच्या टाक्यांना तोच लावला. आपल्याकडे हीच सुरखी. वाड्यांच्या गच्च्या, हौद, भिंती याच मिश्रणानं बांधल्या, घाणीत चुना मळून. तिथला गवंडी मुरवलेला चुना थापीवर घेऊन वास घेतो आणि सांगतो की अजून ठेवा. आपल्याकडच्या जुन्या गवंड्यांनाही हे हातानं कळे. जुनी घरं कुणी दुरुस्त करायला काढलीच नाहीत तर हा हात संपेल, पुस्तकात चुन्याचं प्रमाण उरेल आणि थापी धरणारा उरणार नाही. आणि लाकडाचं पाहा. तिथे कापसाचा बोळा करून अक्रोडाच्या लाकडावर ‘गोम्मालाक्का’ चढवतात. ती म्हणजे आपला चपडा, आपल्याकडे कुसुम-पळसाच्या फांद्यांवर किडे करतात ती लाख. फ्लॉरेन्सच्या कपाटावरची झळाळी आपल्या रानातून गेलेली असू शकते, हे कळल्यावर मला ते कपाट परकं वाटेना.

साशंक: नातं सुंदर आहे, पण तीच झळाळी माझ्या बाजूनं साक्ष देते. बोळ्यानं चढवलेली लाखेची आरशासारखी चमक ही मुख्यतः एकोणिसाव्या शतकाची आवड. त्याआधीचं अक्रोड तेल आणि मेण पिऊन शांत दिसायचं. सोळाव्या शतकाच्या पेटीवर आपण चमक पाहतो आणि म्हणतो, काय जुनी आहे! ती चमक पेटीहून तीनशे वर्षांनी लहान असते. म्हणजे सुधारणारा प्रत्येक हात आपल्या काळाचा थर देतो आणि त्याला मूळ समजतो. आपण काय करणार? त्यांची लाख उतरवून आपलं मेण चढवणार, आणि आपल्यालाही वाटेल की आता मूळ सापडलं.

रसिक: इथेच चेझारे ब्रान्दी यांचं बोट धरावंसं वाटतं. 1939 मध्ये रोममध्ये स्थापन झालेल्या जतनशास्त्राच्या केंद्रीय संस्थेचे ते पहिले संचालक. त्यांचं सिद्धान्ताचं पुस्तक 1963 चं. त्यांचं सांगणं थोडक्यात असं: कलाकृतीचं एकसंधपण परत आणा, पण खोटं करू नका आणि तिच्यावरून गेलेल्या काळाची खूण पुसू नका. चित्राचा रंग उडालेल्या जागी तिथले कारागीर बारीक उभ्या रेघा भरतात. चार पावलांवरून चित्र अखंड दिसतं, नाक जवळ नेलं की रेघा दिसतात आणि कळतं, इथे आपण भरलंय. घरालाही हे लावता येतं. कुजलेलं टोक कापून नवं लाकूड जोडायचं, पण सांधा लपवायचा नाही. नव्या तुळईवर वर्ष कोरायचं. लाख असेल तर असू द्यायची, तीही आता घराचा इतिहास. पेटी बाहेरून आणली तर तिच्या तळाशी चिठ्ठी लावायची, कुठून आणि कधी. आणि शक्यतो असंच काही करायचं जे पुढच्याला काढून टाकता येईल. माझी निवड चुकली तर तो ती उलटवेल. एवढा नम्रपणा पुरेसा नाही का?

साशंक: चित्राला पुरेसा. चित्रात कुणी राहत नाही. घरात चूल पेटते, मोरी वाहते, म्हातारी माणसं गारठतात. तुम्हाला एक खोली सांगते. शेतघराची वरची खोली, हातानं थापलेल्या भाजक्या मातीच्या फरश्या, एकही दुसरीसारखी जाड नाही. जमिनीखालून उष्णता देणाऱ्या नळ्या घालायच्या होत्या. काम करणाऱ्यांनी सगळी काळजी घेतली: एकेक फरशी उचकटली, मागे खडूनं आकडा घातला, रचून ठेवल्या. नळ्या घातल्या, फरश्या परत बसवल्या. काही फुटल्या, त्यांच्या जागी त्याच वयाच्या दुसऱ्या घरातल्या आणल्या. पावसात खडू धुतला गेला होता म्हणून बाकीच्या जमतील तशा बसल्या. खोली सुरेख झाली. पण मी आधीची खोली पाहिली होती. दारापासून चुलीपर्यंत फरश्या झिजून उथळ नाळ पडली होती, पाण्याचा ओघळ मुरावा तशी. ती पिढ्यांची ये-जा होती. आता झिजलेल्या फरश्या खोलीभर विखुरल्यात, एक खिडकीखाली, एक पलंगाखाली. प्रत्येक फरशी अस्सल आहे. वाट तेवढी गेली. तुमच्या ब्रान्दींच्या कसोटीला ती खोली उतरेल, कारण आणलेल्या फरश्यांची नोंदही ठेवलीय. पण त्या घरात स्थावर काय होतं, फरश्या की वाट?

रसिक: वाट. निःसंशय वाट. आणि गंमत नाही, हे मला आजवर सुचलं नव्हतं: मी स्थावर आणि जंगम हा भेद वस्तूंमध्ये पाहत होतो, घर न हलणारं आणि सामान हलणारं. पण त्या खोलीत सगळ्यात घट्ट रुजलेली गोष्ट चालत्याफिरत्या माणसांनी केलेली होती. तरीही मला उलट विचारू द्या. ज्यांनी ती वाट पाडली ती माणसं का गेली? फरशी थंड होती म्हणून. नळ नव्हता, वीज नव्हती, हिवाळ्यात चुलीपासून दोन हात दूर गेलं की बोटं वळत नसत. म्हणून तर त्यांच्या मुलांनी शहरातली दोन खोल्यांची जागा पत्करली. वाट जपायची म्हणून गारठा जपायचा का? रोमचे समीक्षक मारिओ प्राझ यांनी आयुष्यभर जुनी, त्या वेळी कुणाला नको असलेली एम्पायर शैलीची मोबिली जमवली, घराचं वर्णन करत करत आत्मचरित्र लिहिलं, आणि 1969 मध्ये सगळा संसार एका पलाझ्झोतून दुसऱ्यात नेला. ते गेल्यावर त्याचं संग्रहालय झालं. सगळं जागच्या जागी आहे, आणि कुणी तिथे झोपत नाही. तुमची वाट जपली तर ते घर असंच होईल, दोरीपलीकडून बघायचं. नळ्या घातल्या म्हणून तिथे आज एखादं मूल अनवाणी चालतंय. त्याच्या पायांचीही वाट पडेल.

साशंक: पडेल, जर ते मूल तिथेच वाढलं, तिथेच म्हातारं झालं, आणि त्याची नातवंडंही त्याच दारातून त्याच ठिकाणी जात राहिली तर. फरशी एका उन्हाळ्यात झिजत नाही. मला जुन्या वस्तूंची अडचण आता तितकी वाटत नाही. तुमची चिठ्ठी लावलेली पेटी मी मान्य करते, माद्या तर मनापासून. माझा प्रश्न आणणाऱ्या माणसाकडे वळलाय. वस्तू हलती असली तरी चालेल. तो स्वतः किती हलता आहे? वर्षातले तीन आठवडे येणारा आणि बाकी वर्ष कुलूप लावणारा माणूस चुन्यानं भिंत सारवो, खरी कास्सोने आणो, सगळं नियमानं करो, त्या घरात राहण्याची झीज होणार नाही. आणि झीज हेच त्या घराचं खरं लेखन होतं.

रसिक: आणि जो राहायलाच जाईल त्याला नळ्या घालाव्या लागतील, मोरी काढावी लागेल, एखादी भिंत फोडावीही लागेल, जी पुढच्याला उलटवता येणार नाही. जो राहणार नाही, तो सगळं जसंच्या तसं ठेवू शकेल. म्हणजे ज्याच्या हातून घर सांभाळलं जाईल तो तिथे नसेल, आणि जो असेल त्याच्या हातून ते बदलेल.

साशंक: हो. आणि तुम्ही म्हणालात ते उलटवता येण्याचं तत्त्व त्या घराच्या जुन्या माणसांनी कधी पाळलं नव्हतं. त्यांनी खिडक्या बुजवल्या, जिने फिरवले, गोठे वाढवले. घर त्यांच्या न उलटणाऱ्या निर्णयांचंच झालंय.

रसिक: पण त्यांच्याकडे चुना होता, चेस्टनट होता, तोडलेलं पुन्हा तसंच उभं करणारा शेजारी होता. आपल्याकडे काँक्रीट आहे, आणि शेजारच्या घराला कुलूप आहे. त्यांच्या मोकळेपणानं वागायचा हक्क आपल्याला उरलाय का, मला खात्री नाही.

साशंक: मलाही नाही. फक्त पुढच्या वेळी कुणी मला असं घर दाखवलं, तर मी आधी पेटीचा तळ पाहणार नाही. दारात उभी राहीन आणि खाली फरशीकडे पाहीन.